बसू नये

मडगावात बोर्ड्याच्या चढावर
एका जुन्या घराचं तिकीट दीडशे रुपये.
कुंदाताईने पिशवीतून सुट्टे मोजून दिले.
गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झालेले,
पायऱ्या सात, आणि कठड्याला नुकताच रंग.
"हात लावू नका," आतून कुणीतरी म्हणालं.

सालात चौतीस खुर्च्या.
मी मोजल्या, कारण मला दुसरं काही कळत नव्हतं.
शिसवी, वेताच्या बैठकीच्या, पाठीवर कोरलेली
पानं, मुकुट, आडनावाची पहिली अक्षरं,
आणि प्रत्येकीच्या दोन हातांवरून एक दोरी,
उठून जाईल म्हणून बांधल्यासारखी.

खिडक्यांना काचेऐवजी शिंपले.
त्यांतून आलेलं ऊन पाणी घातलेल्या दुधासारखं.
"या उजेडात सावलीला कडाच नाही रे,"
कुंदाताई म्हणाली, "पोरं किती चुकली असती."
चाळीस वर्षं ती सांगलीच्या शाळेत चित्रकलेची बाई.
वस्तुचित्राला दरवर्षी तीच एक खुर्ची
टेबलावर चढवायची:
चारही पाय टेकले पाहिजेत, नाहीतर मार्क कापीन.
तास संपेपर्यंत ती स्वतः उभी.
बसणार कशावर,
खुर्ची वर होती.

घर दाखवत होत्या एर्मेलिंडा,
साठीच्या, पायांत रबरी सपाता,
पाठ झालेलं सांगत:
हे झुंबर, ही पालखी,
ही चिनी मातीची ताटं
(एक फुटकं, फुटलेली बाजू भिंतीकडे),
आणि ही खुर्ची, बिशपसाठी मुद्दाम करवलेली.
तो आलाच नाही.

कुंदाताई त्या खुर्चीपुढे थांबली.
बराच वेळ.
मला वाटलं, कोरीवकाम बघतेय.
ती नुसती उभी होती,
सगळा भार एका पायावर देऊन.

"बसायला मिळेल का कुठे?"
माझा आवाज मलाच चोरटा वाटला.
एर्मेलिंडांनी चौतीस खुर्च्यांकडे पाहिलं,
मग आमच्याकडे,
मग हसल्याच.
"रांदचेकुडींत येयात."

तिकिटात नसलेल्या त्या स्वयंपाकघरात
काळ्या आढ्याखाली गॅसची शेगडी,
थाळीत कोकमाची सोलं,
आणि एक लाल प्लास्टिकची खुर्ची,
मागचा डावा पाय तारेने आवळलेला.
कुंदाताई बसली, सावकाश,
पाणी किती खोल आहे ते बघत उतरावं तशी.
एर्मेलिंडा उंबऱ्यावर टेकल्या.

"लहानपणी तुम्ही बसायचात का त्या बाहेरच्यांवर?"
"आमी? आवय मारताली!
त्या पाहुण्यांच्या. आम्ही पुसायचो.
सात भावंडं, दर शनिवारी एकेकाला पाच खुर्च्या.
धाकट्याला चार. ती मी."
"मग पाहुणे यायचे?"
त्यांनी थाळी उन्हात सरकवली.
"घरात कोण मेलं की यायचे.
तेव्हा कोण बसतो?"

दुपारी चित्रांच्या दालनात गेलो.
भिंतीवर सगळे बसलेले:
न्यायाधीश, त्यांच्या बायका, मांडीवरची कुत्री,
आणि कुणाच्याच तोंडावर
बसल्याचं सुख नाही.
खाली रखवालदार पोरगा,
एक टाच भिंतीला लावून.
"दिवसभर उभा?" कुंदाताईने विचारलं.
"सवय जाता," म्हणाला,
आणि आपण होऊन पंखा तिच्याकडे वळवला.

रात्री लॉजवर तिने वही काढली.
झुंबर नाही, शिंपले नाहीत, बिशपची तर नाहीच.
ती लाल प्लास्टिकची, जरा डावीकडून पाहिलेली,
तारेचे वेढे मोजून पाच.
"बघ, चारही टेकलेत?"
मी वही लांब धरली.
मागचा डावा किंचित अधांतरी.
तसाच होता तो.

"नाही," मी म्हणालो.
"शाब्बास," ती म्हणाली,
आणि दोन्ही पाय उचलून
उशीवर ठेवले.